साक्ष, स्मृती आणि तारण : मराठी ख्रिस्ती गद्यातील मरणाचा प्रश्न

१

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार सुरू झाला की अभ्यासकांच्या नजरेपुढे एक ठरावीक भूगोल उभा राहतो : साष्टी, मुंबई, अहमदनगर, राहुरी, नाशिक, केडगाव. फादर स्टीफन्स यांचे १६१६ मधील 'ख्रिस्तपुराण', बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' (१८५७), 'ज्ञानोदय' हे नियतकालिक, रेव्हरंड नारायण वामन टिळक, पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक ही नामावळी त्या भूगोलाला चिकटूनच येते. पूर्व विदर्भातील अरण्यप्रदेश, म्हणजे जुना चांदा जिल्हा, या नकाशावर जवळजवळ नसतो. चांद्यास स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे मिशन होते आणि तेथे काम केलेले अलेक्झांडर वुड पुढे नागपूरचे बिशप झाले, अशा नोंदी मिशनच्या इतिहासात सापडतात. वाङ्मयेतिहासात त्यांना जागा नाही. चिमूरच्या परिसरात मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एखादी मान्यताप्राप्त संहिता निर्माण झाली, असेही म्हणता येत नाही.

असे असूनही या वाङ्मयातील एका मध्यवर्ती प्रश्नाची तपासणी चिमूरच्या बाजूने करणे उपयुक्त ठरते. दुःखात आणि मरणात देव आपल्याला सोडवील, ही ख्रिस्ती श्रद्धा मराठीत लिहिली जाते तेव्हा तिचे वाङ्मयीन रूप काय होते, हा तो प्रश्न. नगर-नाशिककडून पाहिले असता हा प्रश्न ब्राह्मणी धर्मपरंपरा आणि ख्रिस्ती धर्म यांच्यातील संवादाचा वाटतो, आणि त्याची चर्चाही बहुधा तेवढ्याच मर्यादेत झाली आहे. चिमूर-चांद्याकडून पाहिले की सुटकेच्या कल्पनेवर हक्क सांगणाऱ्या आणखी काही परंपरा दिसू लागतात : गोंडांची लिंगोकथा, १९४२ च्या उठावामागील भजनपरंपरा आणि १९५६ चे धर्मांतर. या शेजाऱ्यांसमोर ख्रिस्ती संहितांना उभे केले म्हणजे त्यांचे बळ आणि त्यांची अडचण या दोन्ही गोष्टी अधिक स्पष्ट होतात.

आरंभ एका मृत्यूपासून करता येईल. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले. शाळा, प्रवचन, भूगर्भशास्त्र आणि आदिवासींच्या परंपरांचा अभ्यास अशी त्यांच्या कामाची व्याप्ती होती. ४ सप्टेंबर १८६३ रोजी नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून बोरीच्या मुक्कामाकडे परतत असताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. त्यांच्या कागदपत्रांचे संपादन रिचर्ड टेंपल यांनी केले आणि ते १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले. या कागदांत एका परधानाकडून उतरून घेतलेले लिंगोचे दीर्घ गोंडी गीत आहे.

त्या गीताचा आशय येथे महत्त्वाचा आहे. महादेवाने गोंडांना गुहेत कोंडून तोंडावर शिळा लोटलेली आहे. लिंगो हा त्यांचा तारक आहे. परंतु तारक होण्याआधी तो स्वतःच्या माणसांकडून मारला जातो आणि अमृताने पुन्हा उठतो. पुढे तो गोंडांना गुहेबाहेर काढतो. बाहेर पडल्यावर वाटेत नदीला पूर येतो. मागे राहिलेल्यांना पार नेण्याचे वचन मगर आणि कासव देतात. मगर दगा देते आणि कासव तारते. ज्या मिशनऱ्याने ही कथा जपून ठेवली, त्याला मात्र ओढ्याच्या पुरातून पार नेणारे कोणी भेटले नाही. हा योगायोग अलंकारासाठी वापरण्याचा मोह टाळलेला बरा. पण त्यातून उभा राहणारा प्रश्न टाळता येत नाही. आयुष्यभर तारणाचा उपदेश केलेला माणूस बुडून मेला, तर त्या उपदेशाचे काय होते? भाविक चरित्रकार या ठिकाणी दैवी योजनेचा उल्लेख करून पुढे जातो आणि संशयवादी वाचक उपरोधाने थांबतो. या दोघांचेही एक गृहीत समान असते : तारण म्हणजे मरण टळणे. हे गृहीत मराठी ख्रिस्ती संहितांना कितपत मान्य आहे, हे पाहिले पाहिजे.

२

मराठी बायबलने आणि ख्रिस्ती उपासनेने रूढ केलेला 'तारण' हा शब्द विलक्षण आहे. त्याच्या मुळाशी 'तृ' हा धातू आहे. तरणे, तारणे, तारू, तीर्थ, अवतार ही सारी शब्दसंतती त्याच धातूची. भवसागर, नावाडी, पैलतीर ही संतकाव्यातील प्रतिमासृष्टी या शब्दाला आपोआप लगडून येते. हा त्याचा पहिला अर्थ : पार नेणे. मात्र मराठी व्यवहारात याच शब्दाचा दुसरा अर्थ तितकाच जिवंत आहे. शेतकरी जमीन तारण ठेवतो, सोने तारण ठेवून कर्ज काढतो, बँक तारणाची किंमत करते. येथे तारण म्हणजे हमी, बुडीत कर्जासाठी हाताशी असलेली वस्तू. ख्रिस्ती धर्मशास्त्रातील ऋण आणि खंडणी यांच्या रूपकांशी हा दुसरा अर्थ नकळत जुळून जातो.

दोन अर्थांतील फरक हा केवळ कोशातील फरक नाही. पार नेण्याच्या कल्पनेत प्रवास गृहीत आहे. पाणी आहे, ते खोल आहे, प्रवासी भिजणार आहे. सोबत कोण आहे एवढाच प्रश्न उरतो. तेविसाव्या स्तोत्रातील मृत्युछायेची दरी टाळली जात नाही, ती ओलांडली जाते. हमीच्या कल्पनेत मात्र हिशेब आहे. विश्वास ठेवला आहे, म्हणून संकटाच्या वेळी मोबदला मिळाला पाहिजे. मिळाला तर हमी खरी, न मिळाला तर खोटी. या हिशेबाची निष्ठुर बाजू ईयोबाच्या ग्रंथात दिसते. सुटका हा देवाच्या कृपेचा पुरावा मानला की सुटका न होणे हा माणसाच्या पापाचा पुरावा ठरतो. ईयोबाचे मित्र नेमके हेच म्हणतात, आणि ग्रंथाच्या अखेरीस देव त्यांनाच दोषी ठरवतो.

दानिएलाच्या पुस्तकातील भट्टीचा प्रसंग या दृष्टीने कळीचा आहे. शद्रख, मेशख आणि अबेदनगो हे तिघे राजाला सांगतात, की आपला देव आपल्याला सोडवण्यास समर्थ आहे. आणि त्याने सोडवले नाही तरी आपण मूर्तीपुढे वाकणार नाही. प्रवचनात बहुधा पहिला भाग ऐकू येतो आणि भट्टीतून ते जिवंत बाहेर आले या शेवटावर भर राहतो. श्रद्धेचे मर्म मात्र 'सोडवले नाही तरी' या दुसऱ्या भागात आहे. तेथे श्रद्धा स्वतःला पुराव्यापासून सोडवून घेते. मराठी ख्रिस्ती गद्यात हा 'तरी' कोठे ऐकू येतो आणि कोठे गिळला जातो, हा पुढील विवेचनाचा विषय आहे.

३

पंडिता रमाबाईंच्या आत्मपर लेखनाचा पाया भुकेचा आहे. १८७० च्या दशकातील दक्षिणेकडील दुष्काळात त्यांचे कुटुंब उद्ध्वस्त झाले. त्या हकिकती त्यांनी १८९७ मधील दुष्काळविषयक लेखनात आणि १९०७ मधील इंग्रजी 'साक्षी'त सांगितल्या आहेत. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आयुष्यभर पुराणे सांगितली, तीर्थयात्रा केल्या, होते नव्हते ते दानधर्मात घातले. दुष्काळात भीक मागणे त्यांना शक्य नव्हते आणि मजुरीची सवय नव्हती. देवतांची आराधना, उपवास, पारायणे सर्व करून झाले. अखेरीस रानात झाडपाल्यावर दिवस काढल्यानंतर वडिलांनी जलसमाधीचा निश्चय केला. पुत्राने मजुरी करण्याची तयारी दाखवली तेव्हा तो निश्चय मागे पडला. तथापि थोड्याच काळात वडील, मग आई, मग थोरली बहीण असे एकामागून एक गेले. भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये आणि पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ मध्ये वारले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, त्यावेळी त्यांच्या पाठीशी मृत्यूंची ही मालिका होती.

रमाबाईंच्या लेखनातील तर्क असा आहे : ज्या देवतांना आईवडिलांनी सर्वस्व दिले, त्यांनी उपाशी माणसांना सोडवले नाही, म्हणून त्या देवता विश्वासास पात्र नाहीत. ही हमीची भाषा आहे. तारण ठेवले होते, वेळ आली तेव्हा ते निरुपयोगी ठरले. या तर्काची धार वाचकाला जाणवते, कारण त्यामागे दुष्काळात झिजून गेलेल्या बापाचे शरीर आहे. तथापि समीक्षकाने येथे एक अवघड प्रश्न विचारणे भाग आहे. हाच निकष नव्या देवाला लावायचा की नाही?

मुक्ती सदनाच्या पहिल्या काळात हा निकष लावला गेला आणि तो सिद्ध झाला, असे रमाबाईंच्या साक्षीचे सांगणे आहे. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांच्या अनाथगृहाचा आदर्श त्यांच्यासमोर होता : कोणापुढे हात पसरायचा नाही, गरजेची वस्तू प्रार्थनेत मागायची. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन परतल्या. चांदा जिल्हा तेव्हा याच मध्य प्रांतात होता. १९०० च्या गुजरात-दुष्काळानंतर केडगावच्या वस्तीची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. एवढ्या तोंडांना अन्न मिळाले, विहिरींना पाणी लागले, पैसे वेळेवर आले, अशा नोंदींतून 'साक्षी'चा मजकूर विणला गेला आहे. तिच्या नावातच न सरणाऱ्या ठेव्याचा उल्लेख आहे. हिशेबाचे रूपक असे शीर्षकापर्यंत पोचते.

येथे साक्ष या वाङ्मयप्रकाराची मर्यादा उघड होते. साक्ष नेहमी वाचलेला माणूस देतो. न्यायालयातून आलेला हा शब्द पुरावा मागतो, आणि पुरावा म्हणून सुटकेची घटनाच उपयोगी पडते. सुटलेल्या तीनशेंच्या मागे न सुटलेल्यांची एक गर्दी उभी असते. तिला साक्षीच्या रचनेत जागाच नसते. रमाबाई त्या गर्दीला विसरल्या होत्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेग-व्यवस्थेत आपल्या आश्रमातील मुलींच्या वाट्याला काय आले, याविषयी त्यांनी वृत्तपत्रातून उघड तक्रार केली, आणि सरकारी नाराजी पत्करली. प्रार्थनेवर सर्व भार टाकणारी ही बाई कारभाऱ्यांना जाब विचारणे सोडत नाही. ही रमाबाई तक्रारीच्या पत्रात दिसते, साक्षीत अंधुक होते. एकाच व्यक्तीच्या दोन लेखनप्रकारांतील हे अंतर तिच्या श्रद्धेतील विसंगती दाखवत नाही. प्रकार कोणते अनुभव आत घेतो आणि कोणते बाहेर ठेवतो, ते त्यातून दिसते.

रमाबाईंच्या अखेरच्या वर्षात ही अडचण टोकाला जाते. कन्या मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी वारली. रमाबाईंनंतर मुक्तीचा भार तिने उचलावा अशी अपेक्षा होती. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई गेल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून केलेल्या त्यांच्या मराठी बायबलचे काम हातावेगळे होईपर्यंत देवाने त्यांना आयुष्य दिले, ही हकिकत भाविक चरित्रांत आवर्जून येते. ते बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. चरित्रकारांच्या हाती एकाच वर्षातील हे दोन मृत्यू कसे वेगळे वागवले जातात, ते पाहण्यासारखे आहे. आईचा मृत्यू प्रार्थनेचे उत्तर ठरतो. मुलीचा मृत्यू एका संयत वाक्यात आटोपला जातो. पहिला पुरावा म्हणून उपयोगी आहे, दुसरा नाही.

या ठिकाणी तुकारामांची आठवण होणे अपरिहार्य आहे. सतराव्या शतकातील दुष्काळात तुकारामांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या तरल्या, अशी कथा परंपरेने सांगितली. शब्द तरले, माणूस तरले नाही. परंतु वारकरी परंपरेने त्या दोन घटनांचा हिशेब घातला नाही आणि पत्नीचे मरण झाकलेही नाही. दुष्काळाने आपले दिवाळे वाजले हे सांगणारा आवाज गाथेत आहेच. केडगावच्या चरित्रकारांना बायबलची तरलेली मुद्रिते दिसली. मनोरमेसाठी त्यांच्यापाशी प्रकार नव्हता.

४

टिळकांकडे तो प्रकार होता, कारण ते कवी होते आणि त्यांच्यामागे अभंगाची परंपरा होती. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. पूल ही प्रतिमा लक्षात घेण्यासारखी आहे. ती पार जाण्याच्या कुळातील आहे, हमीच्या कुळातील नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेण्यापूर्वीची त्यांची काही वर्षे नागपूर आणि राजनांदगाव या परिसरात गेली. राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांना बायबल वाचण्यास सांगितले, ही हकिकत प्रसिद्ध आहे. म्हणजे टिळकांच्या धर्मांतराचा आरंभ विदर्भाच्याच वाटेवरचा आहे.

टिळकांच्या कवितेतील मरण तपासले तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी वाचकांच्या स्मरणात राहिलेली त्यांची 'केवढे हे क्रौर्य!' ही कविता सुटकेची कविता नाही. शिकाऱ्याने जखमी केलेली पक्षीण पिलांपर्यंत कशीबशी पोचते आणि मरते. तिला कोणी वाचवत नाही, कवी तसे सुचवीतही नाही. 'बापाचे अश्रू' ही अपत्यवियोगाची विलापिकाही शोकाला शोक म्हणूनच वागवते. 'अभंगांजली'तील टिळक मात्र पूर्ण समर्पणाची भाषा बोलतात. या दोन टिळकांत विरोध आहे असे मानून पहिल्याला कवी आणि दुसऱ्याला प्रचारक ठरवण्याची प्रथा मराठी समीक्षेत पडून गेली आहे. ही विभागणी सोयीची आहे, पण फसवी आहे. अभंगांतील समर्पणाला वजन येते ते शोककवितेमुळे. ज्याने पक्षिणीचे मरण टाळले नाही, त्याचे आश्वासन वाचकाला ऐकावेसे वाटते. ज्या ख्रिस्ती पद्यरचनेत आश्वासन आहे आणि शोक नाही, तिचे शब्द बरोबर असूनही ती भजनाच्या पुस्तकाबाहेर टिकत नाही, याचे कारणही हेच असावे.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दरबार जेमतेम उभा राहत होता आणि 'ख्रिस्तायन' अपुरे होते. साक्षीच्या निकषाने पाहिले तर ही अपयशाची गोष्ट आहे : ज्याने नियमित पगार सोडून सर्व भार देवावर टाकला, त्याला देवाने दोन वर्षेही दिली नाहीत. या मृत्यूचे काय करायचे, हा प्रश्न ज्या लेखिकेपुढे आला, तिने मराठी ख्रिस्ती गद्याला त्याची सर्वांत मोलाची संहिता दिली.

५

'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाली. तिची थोरवी विनोद, निरागसता, बोलभाषेचा गोडवा या शब्दांत वारंवार सांगितली गेली आहे. हे गुण खरे आहेत; पण त्यांच्या स्तुतीत या आत्मकथनाची एक बाजू दुर्लक्षित राहिली. 'स्मृतिचित्रे' हे मरणाने भरलेले पुस्तक आहे, आणि त्यात जवळजवळ कोठेही सुटकेचा पुरावा म्हणून वापर नाही.

कथनाचा आरंभच एका फाशीच्या सावलीत होतो. १८५७ नंतरच्या धरपकडीत लेखिकेच्या आजोबांना फाशी झाली, आणि त्या धक्क्यातून वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. या वेडाची वर्णने वाचताना हसू येते. घरातील प्रत्येक वस्तू पाण्यातून काढल्याशिवाय आत येत नाही. परंतु या हास्याखाली एक तर्क आहे. अमंगल मरणाचा स्पर्श टाळण्यासाठी वडिलांनी शोधलेली ही स्वतःची हमी आहे. पाण्याने सगळे धुऊन काढले की मरण आत येणार नाही. लेखिका हे विश्लेषण करीत नाही. ती फक्त मुलांचे हाल सांगते आणि वाचकाला निष्कर्षापाशी आणून सोडते.

पुढे टिळकांच्या धर्मांतराने संसार मोडतो. काही वर्षांची ताटातूट, पंढरपुरातील दिवस, पुन्हा एकत्र येणे, आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंचा स्वतःचा बाप्तिस्मा. साक्षीच्या प्रकाराला येथे सर्वांत मोठी संधी होती : हरवलेली पत्नी, विरह, परमेश्वरी योजना, पुनर्मीलन. लक्ष्मीबाई ती संधी घेत नाहीत. त्यांच्या कथनात निर्णायक क्षण येतो तो जातिभेदाच्या विचाराचा. देवाने जाती केल्या असत्या तर माणसांच्या देहात फरक ठेवला असता, या साध्या तर्काने त्यांच्या मनातील भिंत पडते, आणि त्या कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास मोकळ्या होतात. त्यांना सोडवले जाते ते मरणापासून नव्हे, वडिलांच्या पाण्यापासून. सोवळ्याच्या पाण्याने सुरू झालेली गोष्ट दुसऱ्याच्या हातच्या पाण्यापाशी येऊन ठेपते, आणि 'तारण' या शब्दातील पाणी अशा रीतीने घरगुती होते.

ही घटना धर्मशास्त्रीय दृष्टीने लहान वाटेल. वाङ्मयीन दृष्टीने तिचे परिणाम दूरवर जातात. ज्या श्रद्धेचा पाया मरण टळण्यावर नाही, तिला मरणाचे वर्णन करण्याची भीती उरत नाही. त्यामुळे दुष्काळात पोरकी झालेली मुले, साथीच्या काळातील धावपळ, अपत्यांची आजारपणे यांविषयी लिहिताना लेखिका देवाचे नाव घेते, आणि देवाची वकिली करीत नाही. प्रार्थना केली आणि मूल वाचले, हे जसे येते, तसेच प्रार्थना केली आणि मूल गेले, हेही त्याच स्वरात येते. दोन वाक्यांत 'कारण' नाही. ही कारणांची अनुपस्थिती हेच 'स्मृतिचित्रे'चे सर्वांत धीट वैशिष्ट्य आहे.

टिळकांच्या मृत्यूच्या कथनात याची कसोटी लागते. त्या मृत्यूला संताच्या देहत्यागाचे रूप देणे सहज शक्य होते, आणि त्यांचे अनुयायी तसे रूप देत होतेच. लक्ष्मीबाईंचे टिळक मात्र अखेरपर्यंत पूर्वीचेच राहतात : विसराळू, उधळे, तापट आणि प्रेमळ. संत मरतो तेव्हा दृष्टान्त निर्माण होतो. नवरा मरतो तेव्हा पोकळी निर्माण होते. लेखिका दुसऱ्या मृत्यूची गोष्ट सांगते. त्यानंतर तिने अपुरे 'ख्रिस्तायन' पुढे नेण्याचे काम अंगावर घेतले. पतीच्या मृत्यूने देवावरचा भरवसा सिद्धही झाला नाही आणि खोटाही ठरला नाही. एक काम मात्र शिल्लक राहिले. दानिएलाच्या पुस्तकातील 'तरी' मराठीत एवढ्या शांतपणे अन्यत्र क्वचितच लिहिला गेला असेल.

६

येथवरच्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो, आणि तो घेण्यासाठी पुन्हा चांदा जिल्ह्याकडे वळले पाहिजे. मरण न टाळणाऱ्या श्रद्धेची प्रशंसा करणे ही सुखवस्तू वाचकाची चैन नाही काय? उपाशी माणसाला पैलतीर नको असतो, भाकरी हवी असते. रमाबाईंची हिशेबी साक्ष निदान भाकरीची भाषा बोलते.

हा आक्षेप चिमूरने आपल्या पद्धतीने मांडलेला आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी येथे जो उठाव झाला, त्याच्या मागे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी तयार झालेले मन होते, असे मानले जाते. चिमूर तालुक्यातील गोंदोडा ही त्यांची तपोभूमी. भजनातील सुटका तेथे परलोकातून उतरून तहसील आणि ठाणे यांच्या दारात आली. त्यानंतरची लष्करी दडपशाही, स्त्रियांवरील अत्याचार, प्राध्यापक भन्साळींचे उपोषण, फाशीच्या शिक्षा आणि त्या रद्द व्हाव्यात म्हणून देशभर झालेली मागणी हा इतिहास परिचित आहे. या परंपरेच्या लेखी सुटका ही घडवण्याची गोष्ट होती, वाट पाहण्याची नव्हती.

त्याहून मूलगामी आक्षेप चौदा वर्षांनंतर आला. नागपूरच्या दीक्षेनंतर दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चांद्यास हजारो अनुयायांना धम्मदीक्षा दिली. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी मोक्षदाता आणि मार्गदाता असा भेद केला आहे, आणि बुद्धाला दुसऱ्या कोटीत ठेवले आहे. तारणारा कोणी नाही. मार्ग दाखवणारा आहे, चालायचे ज्याचे त्याने. ज्यांनी शतकानुशतके कोणा ना कोणा तारकाची वाट पाहिली, त्यांना वाट पाहण्यापासूनच सोडवणारा हा विचार आहे. दुष्काळातील धर्मांतरितांना 'पोटार्थी' म्हणून हिणवणाऱ्या समाजाला त्यात एक सडेतोड उत्तरही होते, कारण येथे भाकरीचा संशय घेण्यास जागाच नव्हती. त्या हिणवण्यात 'तारण' शब्दाचा दुसरा अर्थ दडलेला होता : मुले धान्याच्या बदल्यात गहाण पडली, असा तो आरोप.

या आक्षेपासमोर साक्षीचा प्रकार टिकत नाही. सुटका हाच पुरावा असेल, तर ज्याने सुटका घडवली त्याच्याकडे, म्हणजे उठावाकडे किंवा मार्गदात्याकडे, वळणे अधिक प्रामाणिक ठरेल. लक्ष्मीबाईंची संहिता मात्र या वादात पराभूत होत नाही, कारण ती त्या निकषावर उभीच नाही. तिचा तारक भाकरीची हमी देत नाही. जातीची भिंत पडणे, पोरक्या मुलांना घरात घेणे, रोग्याजवळ बसणे ही कामे माणसांनी करायची, हे तिला पक्के ठाऊक आहे. त्या अर्थाने ती चांद्याच्या आक्षेपाच्या जवळ जाते. फरक राहतो तो एवढाच, की ही कामे करताना कोणी सोबत आहे असे तिला वाटते, आणि काम फसले तरी ती सोबत सुटल्याचे तिला जाणवत नाही. हा फरक तर्काने मिटणारा नाही. तो मिटवण्याचा आग्रह समीक्षेने धरू नये; तो संहितेत कोठे आणि कसा उमटला आहे, एवढे दाखवणे तिच्या आवाक्यातील आहे.

मराठी समीक्षेने ख्रिस्ती साहित्याला बहुधा दोनच खाती दिली : धर्मप्रचार आणि भाषासेवा. पहिल्या खात्यातील लेखन न वाचता बाजूला ठेवायचे आणि दुसऱ्यातील लेखनाची भाषा वाखाणून आशयाकडे पाहायचे नाही, अशी ती रीत. परिणामी या वाङ्मयातील आंतरिक संघर्ष अलक्षित राहिला. साक्ष आणि स्मृती, हमी आणि सोबत यांच्यातील हा संघर्ष केवळ ख्रिस्ती मंडळींचा घरगुती प्रश्न नाही. नापिकी, साथ आणि अपमृत्यू यांच्या सोबतीने जगलेल्या प्रत्येक मराठी भाषिक समूहाने तो आपापल्या शब्दांत मांडला आहे. लिंगोच्या गीतात मगर आणि कासव दोघेही पार नेण्याचे वचन देतात; वचनाचे शब्द सारखेच असतात. कोणाच्या पाठीवर बसलो होतो, हे गोंडांना प्रवाहाच्या मध्यावर कळते. ते गीत उतरून घेणाऱ्या हिस्लॉप यांनी बोरीच्या ओढ्यात काय जाणले, हे सांगणारी साक्ष नाही, आणि तशी ती असूही शकत नाही. पुढील अभ्यासकाने चांदा मिशनच्या कागदांकडे, तेथील मंडळ्यांत गायिल्या गेलेल्या पदांकडे आणि त्यांच्या दफनाच्या नोंदींकडे वळताना हे भान ठेवले, तर न वाचलेल्या माणसांसाठीही या वाङ्मयात जागा शोधता येईल.